तिघांविरुद्ध एक: एकदिवसीय सायकल शर्यतीत टीम जिंकते कधी आणि हरते का

२ एप्रिल २०२५ रोजी बेल्जियममधल्या 'द्वार्स डोर व्लांदरेन' या सायकल शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात चौघेच पुढे उरले होते. त्यांपैकी वाउट व्हान आर्ट, मॅटेओ जॉर्गन्सन आणि तीश बनूट हे तिघे एकाच व्हिस्मा टीमचे. चौथा अमेरिकेचा नीलसन पॉवलेस. त्याच्या टीमचं आसपास कुणीच नव्हतं. अशा वेळी तिघांनी काय करायचं हे या खेळात नव्याने आलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आळीपाळीने निसटायचं. एकाने जोर मारून पुढे जायचं, एकट्या प्रतिस्पर्ध्याने धापा टाकत त्याला गाठलं की दुसऱ्याने निघायचं, मग तिसऱ्याने. कधी ना कधी समोरच्याच्या पायांतलं त्राण संपतंच. व्हिस्माने तसं केलं नाही. जॉर्गन्सन आणि बनूट यांनी वेग राखायचा, पॉवलेसला बरोबर घेऊनच अंतिम रेषेपर्यंत यायचं आणि तिथे स्प्रिंटमध्ये व्हान आर्टने बाजी मारायची, असं ठरलं. स्प्रिंटमध्ये व्हान आर्टचं नाव पॉवलेसच्या कितीतरी वरचं. पण रेषा आधी ओलांडली ती पॉवलेसने. व्हान आर्ट दुसरा आला, बनूट तिसरा. शर्यत संपल्यावर व्हान आर्टने दोष स्वतःकडे घेतला, आणि त्यात त्याचा मोठेपणा होता. पण हा प्रश्न एका खेळाडूच्या चुकीपाशी संपत नाही. तिघांनी एकाकडून हरावं असं या खेळात पुन्हा पुन्हा का घडतं, आणि त्याउलट काही टीम संख्याबळाचं सोनं कसं करतात, याचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या शर्यतींच्या आधाराने विचार करायला हवा.

त्याच्या दहा वर्षं आधी, २८ फेब्रुवारी २०१५ रोजी, त्याच फ्लँडर्स प्रांतात जवळजवळ हेच घडलं होतं. 'ऑम्लूप हेट न्यूसब्लाड' ही बेल्जियमच्या हंगामाची पहिली मोठी शर्यत. पुढच्या चौघांत क्विकस्टेप टीमचे टॉम बोनेन, निकी टेर्पस्त्रा आणि स्टाइन व्हान्डनबर्ग होते, आणि स्काय टीमचा एकटा इयन स्टॅनर्ड. मागून पाठलाग चालू होता, तेव्हा वारा अंगावर घेण्याचं बहुतेक काम त्या तिघांवर पडलं. स्टॅनर्ड मागे बसून राहिला. एकट्याने तिघांना मदत करण्याचं त्याला काही कारणच नव्हतं. शेवटचे चार-पाच किलोमीटर उरले तेव्हा बोनेन निसटला. डाव कागदावर बिनचूक होता: स्टॅनर्डने पाठलाग केला तर तो दमणार आणि त्याच्या चाकामागे बसलेले दोघे ताजे राहणार, पाठलाग केला नाही तर बोनेन जिंकणार. स्टॅनर्डने पाठलाग केला. अंतर हळूहळू कापत त्याने बोनेनला गाठलं. मग टेर्पस्त्राने जोर मारला, तोही त्याने भरून काढला. आणि मग, ज्याच्याकडून कुणाला अपेक्षाच नव्हती त्या स्टॅनर्डने स्वतः हल्ला चढवला. बोनेन आणि व्हान्डनबर्ग तिथेच सुटले. एकटा टेर्पस्त्रा कसाबसा त्याच्या चाकाशी पोहोचला आणि दोघांच्या स्प्रिंटमध्ये हरला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बोनेनने कारकिर्दीत दगडी रस्त्यांवरच्या जवळपास सगळ्या मोठ्या शर्यती जिंकल्या, पण ऑम्लूप कधीच जिंकली नाही. ती त्याच्या नावावर जमा व्हावी असं टीमला वाटणं स्वाभाविक होतं. द्वार्समध्येही अशीच एक भावना होती: त्याच शर्यतीत वर्षभरापूर्वी व्हान आर्ट जबर पडला होता, हाडं मोडली होती, त्याचा पूर्ण वसंत वाया गेला होता. दोन्ही वेळा टीमने कोणाला जिंकवायचं हे आधी ठरवलं, आणि कसं जिंकायचं हा विचार त्यानंतर आला. माझ्या मते या पराभवांचं मूळ तिथे आहे.

हे नीट कळण्यासाठी संख्याबळ म्हणजे नेमकं काय, ते पाहावं लागतं. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध पार करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग थोडा वाढवायचा म्हटलं तरी मेहनत कितीतरी पटींनी वाढते. दुसऱ्याच्या चाकामागे राहणाऱ्याला त्यातला मोठा हिस्सा फुकटात वाचतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचे वायुगतिकीचे संशोधक बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा, म्हणजे मुख्य घोळक्याचा, अभ्यास केला. घोळक्याच्या मधोमध, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत हवेचा केवळ पाच ते दहा टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यात आढळलं. या एका आकड्यातून सगळे डावपेच निघतात. पुढे राहणाऱ्याला शिक्षा आणि मागे बसणाऱ्याला बक्षीस, अशी या खेळाची रचनाच आहे. म्हणून कोण पुढे ओढणार हा प्रत्येक क्षणाचा वाद असतो, आणि त्या वादात न ओढण्याचं पटण्याजोगं कारण ज्याच्याजवळ आहे तो वरचढ ठरतो. टीमचा साथीदार पुढे निसटला असेल तर मागच्याला ते कारण आपोआप मिळतं. 'माझा माणूस पुढे आहे, मी कशाला ओढू?' यावर कुणाकडेच उत्तर नसतं.

तेव्हा संख्याबळ दोन तऱ्हेने वापरता येतं. एक, ओढण्यासाठी: साथीदारांनी वारा झेलायचा, कप्तानाने आडोशाला राहायचं. दुसरं, प्रतिस्पर्ध्याला पेचात टाकण्यासाठी: कोण निसटेल हे त्याला कळू द्यायचं नाही आणि दर वेळी त्यानेच उत्तर द्यावं अशी वेळ आणायची. पहिला वापर शर्यतीच्या आधीच्या चार-पाच तासांत उपयोगी पडतो, दुसरा शेवटच्या तासात. कबड्डीत चढाईपटूला जसं नेमका कोण अंगावर येणार हे माहीत नसेपर्यंतच बचावफळीची भीती असते, तसंच इथेही. चारजणांपैकी तिघे एका टीमचे असूनही ते पहिल्याच तऱ्हेने वागू लागले, तर एकट्याला फुकटची सवारी मिळते. पॉवलेसला मिळाली ती हीच. त्याला निर्णय घ्यावा लागलाच नाही. निर्णय तिघांनी त्याच्यासाठी घेऊन ठेवला होता.

आधीच्या तासांतल्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दूरचित्रवाणीवर शेवटचा तास पाहणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतं. २०१८ पासून मोठ्या एकदिवसीय शर्यतींत प्रत्येक टीमला सातच सायकलस्वार उतरवता येतात. आधी ही संख्या आठ होती. २६० किलोमीटरच्या आसपासच्या 'टूर ऑफ फ्लँडर्स'मध्ये ऑडे क्वारेमोंट हा सव्वादोन किलोमीटरचा दगडी चढ आणि त्याला लागूनच पाटरबर्ग, जो चारशे मीटरही नाही पण ज्याचा सर्वांत तीव्र भाग वीस टक्क्यांचा आहे, हे दोन्ही इतके अरुंद आहेत की पायथ्याशी चाळिसावा असलेला स्वार वर जाताना पाचव्याच्या जवळपासही पोहोचू शकत नाही. समोर कुणी अडखळलं की त्यालाही पाय टेकावा लागतो. म्हणून चढाच्या आधीचे पाच-सहा किलोमीटर कप्तानाला पुढच्या दहांत आणून सोडण्यासाठी साथीदार अक्षरशः जिवाचं रान करतात, आणि चढ सुरू झाला की बहुतेक जण मागे पडतात. त्यांचं काम तिथे संपतं. 'पारी-रुबे'मध्ये सुमारे ५५ किलोमीटर अंतर खडबडीत दगडी पट्ट्यांवरून जातं. तिथे टीमची गाडी वेळेवर पोहोचेलच याची खात्री नसते. पंक्चर झालं तर साथीदाराचं चाक किंवा पट्ट्याच्या टोकाशी चाकं घेऊन उभा असलेला टीमचा माणूस हाच आधार. २०२३ मध्ये कारफूर द लार्ब्र या शेवटच्या अवघड पट्ट्यावर व्हान आर्टचं चाक बसलं आणि मातियू व्हान डर पूल एकटा पुढे निघून गेला. व्हान आर्ट तिसरा आला. यात डावपेच कसला, नशीबच म्हणावं लागेल. पण नशिबाचा फटका ज्या टीमचे दोघे पुढे असतात तिला कमी बसतो, आणि त्या दिवशी व्हान डर पूलच्या टीमचा यास्पर फिलिप्सन दुसरा आला, हेही निकालपत्रकात लिहिलेलं आहे.

आता ज्या टीमांनी संख्याबळ बरोबर वापरलं त्यांच्याकडे पाहू. २००१ च्या चिखलाने माखलेल्या पारी-रुबेमध्ये डोमो टीमचे चारजण पुढच्या गटात होते: योहान म्युसेव, रोमान्स व्हाइन्श्टाइन्स, विल्फ्रिड पेटर्स आणि सर्व्हे क्नाव्हन. म्युसेव ही शर्यत दोनदा जिंकलेला, व्हाइन्श्टाइन्स तेव्हाचा जगज्जेता. त्यांच्या तुलनेत क्नाव्हनचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. जिंकला क्नाव्हन, एकट्याने निसटून. अमेरिकेच्या जॉर्ज हिंकापीसारख्या प्रतिस्पर्ध्यांसमोर पेच उघड होता: क्नाव्हनला पकडायला ओढावं, तर मागे म्युसेव आणि व्हाइन्श्टाइन्स ताजेतवाने बसलेले. शेवटी डोमोचे तिघे पहिले तीन आले. २०१४ मध्ये त्याच शर्यतीत अकरा जणांचा गट पुढे आला, त्यात बोनेन, झ्देनेक श्टिबार आणि टेर्पस्त्रा एकाच टीमचे. बोनेन तोपर्यंत चार वेळा रुबे जिंकलेला, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. सहाएक किलोमीटर उरले असताना टेर्पस्त्रा निघाला. फाबियान कान्सेलारा, जॉन डेगेनकोल्ब, सेप व्हानमार्क अशी एकापेक्षा एक तगडी मंडळी मागे होती, पण पाठलाग करणं म्हणजे बोनेनला फुकट रेषेपर्यंत पोहोचवणं, हे प्रत्येकाला कळत होतं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि शर्यत जिथे संपते त्या वेलोड्रोममध्ये टेर्पस्त्रा एकटाच शिरला. पुढच्याच वर्षी ऑम्लूपमध्ये हीच टीम, यांतलेच दोघे, आणि तरी उलटा निकाल. फरक पायांतला नव्हता. रुबेमध्ये बोनेन हरायला तयार होता. ऑम्लूपमध्ये टीमला बोनेनच हवा होता.

२०१७ च्या टूर ऑफ फ्लँडर्समध्ये बोनेन निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. तब्बल ९५ किलोमीटर बाकी असताना हेरार्ड्सबर्गनच्या चढावर त्याच्या टीमने घोळका फोडला. पुढे गेलेल्यांतून त्याच टीमचा फिलिप झिल्बेर ५५ किलोमीटर उरले असताना क्वारेमोंटवरून एकटा निघाला आणि शेवटपर्यंत पकडला गेला नाही. मागे पेटर सागान, ग्रेग व्हान आव्हरमाट आणि ऑलिव्हर नासेन पाठलागात असताना क्वारेमोंटवर एकमेकांत अडकून पडले, हे झिल्बेरचं भाग्य. पण पाठलाग इतक्या उशिरापर्यंत लांबला कसा, याचं उत्तर टीमने आधी केलेल्या फाटाफुटीत आहे. त्या दिवशी तिसरा कोण आला? टेर्पस्त्रा. म्हणजे मागच्या गटातही त्या टीमचा एक माणूस राखणीला बसला होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ठरवून जिंकणाऱ्या टीमही तर आहेत. १९९६ च्या पारी-रुबेमध्ये मापेई टीमचे म्युसेव, जान्लुका बोर्तोलामी आणि आन्द्रेआ ताफी तिघेच पुढे होते आणि शेवटचा क्रम शर्यतीत ठरला नाही. टीमचे संचालक पात्रिक लेफेव्हर यांनी गाडीतून मापेईच्या मालकांना फोन लावला आणि क्रम ठरला. तिघे त्याच क्रमाने रेषेवर आले. २०२२ च्या ई-थ्री शर्यतीत व्हान आर्ट आणि क्रिस्तोफ लापोर्त हे साथीदार बरोबरीने रेषेवर आले, विजय व्हान आर्टला मिळाला. २०२३ च्या गेंट-वेव्हेलगेममध्ये व्हान आर्टने तो लापोर्तला दिला. या निकालांवर टीकाही झाली, पण कुणी हरलं नाही. मग विजेता आधी ठरवण्यात वाईट काय? उत्तर त्या गटांच्या घडणीत आहे. या तिन्ही वेळा पुढच्या गटात परका कुणी उरलेला नव्हता. शर्यत जिंकून झाली होती, प्रश्न वाटपाचा होता. द्वार्समध्ये पॉवलेस होता. एक परका माणूस पुढे असेपर्यंत वाटप करायला बसायचं नाही, एवढा साधा नियम इथे निघतो. मला तर वाटतं, २०२२ आणि २०२३ च्या त्या देखण्या दुहेरी विजयांनीच व्हिस्माला २०२५ मध्ये फसवलं असावं: आपल्या माणसाला भेट द्यायची सवय लागली, आणि भेट द्यायची वेळ आली आहे की नाही हे पाहायचं राहून गेलं.

दुसरा आक्षेप गणिती आहे. व्हान आर्ट आणि पॉवलेस यांच्यात दहा स्प्रिंट लावल्या तर बहुतेक व्हान आर्ट जिंकेल. मग व्हिस्माने पैज योग्य घोड्यावरच लावली होती, हरली ती दुर्दैवाने, असं म्हणता येतं. हे अर्धंच खरं आहे. ताज्या पायांची स्प्रिंट आणि चार तासांनंतरची स्प्रिंट या वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेल्या पायांत स्प्रिंटरचा वरचढपणा झपाट्याने आटतो, आणि पाठीमागून येणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी तिघांनी सतत वेग राखला, म्हणजे व्हान आर्टचेही पाय त्या कामात झिजले. शिवाय तुलना करायची ती व्हान आर्टच्या विजयाच्या शक्यतेची आणि टीमच्या विजयाच्या शक्यतेची. तिघांनी आळीपाळीने हल्ले केले असते तर जॉर्गन्सन किंवा बनूट जिंकण्याची वाट उघडली असती, आणि पॉवलेस प्रत्येक हल्ला परतवत राहिला असता तर तो स्प्रिंटपर्यंत आणखी दमून पोहोचला असता. हल्ल्यांनी स्प्रिंटचा मार्ग बंद होत नाही, उलट तो सोपा होतो. व्हिस्माने एक पर्याय निवडताना बाकीचे सोडून दिले, आणि त्या बदल्यात काहीच मिळवलं नाही.

ज्यांच्यावर कुणी पैज लावत नाही त्यांच्या कामगिरीकडे या चर्चेत पुरेसं लक्ष जात नाही. २०१६ ची पारी-रुबे जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन तेव्हा ३७ वर्षांचा होता. शर्यतीच्या सहा आठवडे आधी ऑम्लूपमध्ये त्याचा हात मोडला होता. मधले आठवडे त्याने घरात स्थिर सायकलवर सराव करून काढले. सुरुवातीलाच निसटलेल्या गटात तो गेला, तो अर्थातच पुढे कुणीतरी असावं या टीमच्या नेहमीच्या हिशेबाने. मागचे दिग्गज येऊन मिळाले, तरी तो टिकला; शेवटी वेलोड्रोममध्ये बोनेन, स्टॅनर्ड, व्हानमार्क आणि बोआसन हागेन यांना मागे टाकून जिंकला. बोनेनला त्या दिवशी विक्रमी पाचवा विजय मिळाला असता. २०२१ मध्ये महिलांची पहिली पारी-रुबे झाली, तेव्हा ब्रिटनच्या लिझी डाइग्ननचंही काम वेगळं होतं: पहिल्या दगडी पट्ट्याआधी पुढे राहून आपल्या टीममधल्या कप्तानांसाठी जागा राखणं. ती पुढे गेली, मागे वळून पाहिलं तर अंतर पडलं होतं, आणि ती थांबली नाही. ११६ किलोमीटरच्या शर्यतीत ८० हून अधिक किलोमीटर एकटीने जाऊन ती जिंकली. ओल्या दगडांवर मागचं चाक सारखं घसरत होतं, हँडलवर हातांच्या रक्ताचे डाग होते. दुसरी आलेली मरियाने फोस मागून निघाली तेव्हा फार उशीर झाला होता, आणि डाइग्ननच्या टीमची एलिसा लोंगो बोर्गीनी तिसरी आली. फोसच्या पाठलागाला बळ मिळालं नाही यात त्या टीमच्या मागे राहिलेल्या खेळाडूंचाही वाटा होता. डाइग्ननला थांबवून कप्तानाची वाट पाहायला लावली असती, तर आज महिलांच्या सायकलिंगचा एक सर्वांत थोर विजय आपल्याजवळ नसता.

टोकियो ऑलिम्पिकची महिलांची शर्यत या सगळ्याची दुसरी बाजू दाखवते. २०२१ च्या जुलैत नेदरलँड्सने चार जणी उतरवल्या: फोस, आनेमिक व्हान फ्लूटन, आना व्हान डर ब्रेखन आणि डेमी फोलरिंग. एका देशाने याहून बलाढ्य संघ कधी उतरवला असेल असं मला वाटत नाही. जिंकली ऑस्ट्रियाची एकमेव स्पर्धक, गणितज्ञ आना कीजनहोफर, जिला त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक टीमचा करार नव्हता. ती सुरुवातीलाच निसटली. तिच्या गटाची आघाडी एका टप्प्यावर दहा मिनिटांच्या आसपास गेली. शेवटचे चाळीस किलोमीटर ती एकटी होती. व्हान फ्लूटन दुसरी आली आणि आपण जिंकलो या समजुतीत तिने हात उंचावले. ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे आणखी कुणी आहे हे मागच्यांना कळलं नव्हतं, ही त्यातली खरीच गोष्ट आहे आणि सगळा दोष डावपेचांना देणं अन्यायाचं होईल. पण आघाडी दहा मिनिटांची झाली तेव्हा ती माहिती कुणापासून लपलेली नव्हती. बाकीचे देश डच ओढतील म्हणून थांबले, आणि चार विजेत्यांपैकी कुणीही दुसरीसाठी आपले पाय जाळायला लवकर पुढे आली नाही. रेडिओ बंद केले की शर्यती आपोआप रंगतदार होतील असं म्हणणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा. तिथे अडलं ते माहितीपाशी आणि त्यागाच्या वाटणीपाशी, दोन्हीकडे.

त्यागाची वाटणी हा प्रश्न पैशाशीही जोडलेला आहे. सायकलस्वाराचा पुढचा करार त्याच्या नावावरच्या निकालांवर ठरतो. साथीदारासाठी वारा झेलून दीडशेवा आलेल्या माणसाचा दिवस कागदावर दिसत नाही. त्यामुळे सगळ्यांना जिंकायची मुभा दिली तर टीम आपापसांत भांडेल, अशी भीती संचालकांना वाटते. २०२३ च्या 'स्त्रादे बियांके'त एसडी वर्क्स टीमच्या फोलरिंग आणि लोटे कोपेकी एकमेकींशीच शेवटपर्यंत झुंजल्या आणि फोलरिंग निसटत्या फरकाने जिंकली, तेव्हा ही भीती खरी ठरल्यासारखं वाटलं. दोघींच्या चेहऱ्यांवर आनंद फारसा नव्हता. पण टीमने काय गमावलं? पहिला आणि दुसरा दोन्ही क्रमांक तिच्याकडेच आले. आतला रुसवा संचालकाला दुसऱ्या दिवशी निस्तरता येतो. रेषेवर परक्याने नेलेला विजय परत आणता येत नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र सध्याच्या काळाचा आहे. तादे पोगाचार आणि व्हान डर पूल यांनी डावपेचांना अर्थच ठेवला नाही, असं वारंवार म्हटलं जातं. पोगाचारने २०२४ ची झ्युरिकची जागतिक स्पर्धा शंभर किलोमीटर बाकी असताना हल्ला करून जिंकली. २०२१ ते २०२५ सलग पाच वेळा लोम्बार्डिया ही शर्यत जिंकून फाउस्तो कोप्पीच्या पाच विजयांची बरोबरी केली. २०२५ ची टूर ऑफ फ्लँडर्स क्वारेमोंटच्या शेवटच्या फेरीत सगळ्यांना सोडून जिंकली. त्याच्या टीमला विजेता आधीच ठाऊक असतो, प्रतिस्पर्ध्यांनाही असतो, आणि तरी तो जिंकतो. मग विजेता आधी ठरवू नये हा माझा नियम कुठे गेला? नियम हवेच्या विरोधावर उभा आहे, आणि चढ जितका तीव्र तितका वेग कमी, वेग कमी तितका आडोशाचा फायदा कमी. लोम्बार्डिया, लिएज, क्वारेमोंट इथे पाय खरोखरच बोलतात. झ्युरिकमध्येही त्याचा साथीदार यान त्रात्निक आधीच पुढच्या गटात होता आणि त्याने मागे येऊन पोगाचारला त्या गटापर्यंत नेलं, हे विसरता कामा नये. पण 'मिलान-सान रेमो' पाहा. जवळपास २९० किलोमीटर, आणि निर्णायक चढ दोनच: चिप्रेसा साडेपाच किलोमीटरचा, पोज्जो पावणेचारचा, दोन्ही सरासरी चार टक्क्यांच्या आसपास. २०२५ मध्ये पोगाचारच्या टीमने चिप्रेसावर टिम वेलेन्स आणि योनातान नार्व्हाएस यांना पुढे घालून जबरदस्त वेग लावला, मग पोगाचारने हल्ल्यामागून हल्ला केला. फिलिप्पो गान्ना आणि व्हान डर पूल यांना हल्ला कुठून आणि कुणाकडून येणार हे अगदी नेमकं ठाऊक होतं. पोज्जोवर गान्ना सुटला, उतरून सपाटीवर पुन्हा येऊन मिळाला. तिघांच्या स्प्रिंटमध्ये व्हान डर पूल जिंकला, गान्ना दुसरा, जगातला सर्वांत ताकदवान सायकलस्वार तिसरा. चढ पुरेसा तीव्र नसेल तिथे एकाच नावाची टीम पुस्तकासारखी वाचता येते.

त्याच रस्त्यावर व्हान डर पूलच्या आल्पेसिन टीमने आदल्या वर्षी जे केलं ते या विषयातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण आहे. २०२४ मध्ये व्हान डर पूल जगज्जेत्याचा इंद्रधनुषी जर्सी घालून उतरला होता, आणि फिलिप्सन स्प्रिंटर म्हणून. पोज्जोवर पोगाचार निघाला तेव्हा व्हान डर पूल त्याच्या चाकाला चिकटला. ओढायला मदत करण्याची त्याला गरजच नव्हती, कारण मागून फिलिप्सन येत होता. पोगाचार एकटा सुटू शकला नाही. गट एकत्र आला, शेवटच्या किलोमीटरांत मातेओ सोब्रेरो आणि टॉम पिडकॉक निसटायला पाहत होते, तेव्हा जगज्जेत्याने स्वतः पुढे येऊन त्यांना ओढून आणलं आणि फिलिप्सनसाठी वेग लावला. फिलिप्सन जिंकला, मायकेल मॅथ्यूज थोडक्यात दुसरा, पोगाचार तिसरा. तीन आठवड्यांनी रुबेमध्ये हेच उलटं झालं. व्हान डर पूल साठ किलोमीटर एकटा निघाला, आणि मागच्या चौघांत फिलिप्सन बसला होता. माड्स पेडरसन, निल्स पोलिट आणि श्टेफान क्युंग यांनी जीव तोडून ओढलं असतं तरी वेलोड्रोममध्ये फिलिप्सनने त्यांना हरवलं असतं, आणि अखेर तो दुसरा आलाच. व्हान डर पूल तीन मिनिटांनी पुढे होता. २०२५ च्या रुबेत पुढे पोगाचार, व्हान डर पूल आणि फिलिप्सन असे तिघे उरले तेव्हा पुन्हा दोघांविरुद्ध एक. या वेळी फिलिप्सन मों-आँ-पेव्हेलच्या दगडांवर सुटला, पोगाचार एका वळणावर चुकला, पडला आणि व्हान डर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला. सलग तीन रुबे जिंकणारा ओक्ताव्ह लापीझ आणि फ्रान्चेस्को मोझेर यांच्यानंतरचा तो तिसराच. ही टीम व्हिस्मा किंवा पोगाचारच्या युएई टीमइतकी श्रीमंत नाही आणि तिची सातही नावं त्यांच्याइतकी भारी नाहीत. पण तिच्याशी लढणाऱ्याला २०२४ आणि २०२५ च्या वसंतांत दर वेळी दोन विजेत्यांचा हिशेब करावा लागला, आणि पोगाचारला सान रेमोच्या रस्त्यावर दोन्ही वर्षी तो जमला नाही.